पटावरचं विसावं नाव

टीव्हीवर ऐकलेलं दुकानात बसून दुसऱ्याला ऐकवायचं, ही माझी जुनी खोड. राज्यावर लई कर्ज झालंय, म्हणून वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा बंद करून शेजारच्या गावातल्या शाळेला जोडणार, असं कळलं तेव्हा ग्रामसभेत मीच उठले. "अंथरूण पाहून पाय पसरावेत. सरकारनं का पसरावेत जास्तीचे?" माझं काय जात होतं? माझी मुलगी पिवळ्या व्हॅनमधून उमरीच्या इंग्रजी शाळेत जायची.

दुसऱ्या दिवशी, माझ्या दुकानात धान्य निवडणारी बाई मान खाली घालून म्हणाली, "शाळा गेली तर पोरीला संगं कामाला आणीन, वैनी. वढा वलांडून रोज कोन सोडनार तिला?" तिची पोर तिसरीत. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तीच लिहायची, एवढ्या वळणदार अक्षरात की गिऱ्हाईक विचारायचं कुणी लिहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पटपडताळणीच्या सकाळी गावानं भलताच उद्योग केला. शाळेत पोरं एकोणीस. एक कमी पडतंय म्हणून घरोघरच्या बायांनी, एकमेकींना न सांगता, तीन-तीन वर्षांची चिल्लीपिल्ली थोरल्यांचे शर्ट घालून आणून बसवली. शर्ट पार घोट्यापर्यंत! पट मोजायला आलेल्या साहेबांनी एकाला नाव विचारलं, त्यानं भोकाड पसरलं, मग सगळ्यांनीच सूर धरला. साहेबसुद्धा हसले. पण कागदावर एकोणीसच लिहायला लागले.

तेवढ्यात बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. मी धावत गेले आणि मुलीला दप्तरासकट खाली उतरवलं.

"हे घ्या विसावं. लिहा नाव."

गुरुजींना ग्रामसभा आठवत होती. ते हळूच म्हणाले, "आणि सरकारचं कर्ज, वैनी?"

"जळ्ळं ते कर्ज!" मी खेकसले. "उद्या ते फेडणार कोण? हीच पोरं ना? मग त्यांना अडाणी ठेवून कसं फिटंल?"

साहेबांनी आठ दिवसांत दाखला आणायला सांगितलं. मी तिसऱ्याच दिवशी नेऊन दिला. घरात चार दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही, नका बोलू म्हटलं. शाळा राहिली.

परवा ती बाई तूर निवडत बसली होती, एकटीच. मी मुद्दामच विचारलं, "पोर कुठाय गं?"

"शाळेत हाय की," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. मला रडूच आलं.