आटत्या विहिरीची मोटर

"मोटर आपोआप नायी जयली भारत. तुनं जायली."

"मी काय आगपेटी लावली का तिले?"

"लावली असती तं बरं होतं. दुकानात कायले सांगतलं, का आमच्या हिरीले बाराही महिने पानी रायते म्हून?"

तानाबाई लेकाला सोडत नव्हती. अंगणात वर काढलेली दोन एचपीची मोटर पडली होती, जळक्या तारेचा वास मारत. तानाबाईच्या घरची विहीर उथळ. पावसाळ्यात वाकलं की पाणी. होळी झाली की तळाशी थोडंसं, तेही झरा हळूहळू भरेल तेवढंच. ही मोटर ते एका दमात ओढायची आणि मग कोरडीच फिरत राहायची. फिरली, जळली. म्हशी सकाळपासून हंबरत होत्या.

भारतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दारव्ह्याचं ते दुकान बबनरावांचं, आणि ज्या पोरीशी त्याची सोयरीक चालली होती तिचे ते मामा. आमच्याकडे पोरगी द्यायच्या आधी पाहुणे विहिरीत डोकावतात. ते श्रावणात आले, तेव्हा विहीर तुडुंब. खरं सांगितलं तर सोयरीक मोडेल म्हणून भारतनं विहीर फुगवली, अन् मामांनी त्या मापाची मोटर दिली. आता तो त्याहून मोठी आणायला निघाला होता.

"तुह्या आजीनंही माह्या बापाले असंच सांगतलं होतं," तानाबाई म्हणाली. "हीर आटत नायी म्हने. मंग उन्हायाभर नाल्यावरून हंडे कोनं आनले? आजीनं?"

तिनं पदर खोचला, दारव्ह्याला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसली. भारत मागोमाग.

"या इहीनबाई," बबनराव उठले. "कशी चालते मोटर?"

"जयली. माह्या पोट्ट्यानं तुमाले लबाड सांगतलं. आमची हीर उन्हायात आटते. अर्ध्या एचपीची द्या, अन् पानी सरलं का मोटर बंद करते ते यंत्रही द्या."

भारत भिंतीवरचे पाइप बघू लागला.

"हे आधी सांगा लागत होतं," बबनराव म्हणाले.

"लागत होतं. अन् तुमी श्रावनातच काहून आले पाहाले? चैतात येता नायी आलं?" तानाबाईचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. "पोरीले सांगा, दोन ड्रम भरले का थांबा लागते. घरी म्हशी हायेत. आयकून येत असन तं येऊ द्या."

बबनरावांनी लहान मोटर अन् ते यंत्र काढून काउंटरवर ठेवलं. विचारलं, "मोटर सोडाले दोर नायलॉनचा देऊ?"

"तोच द्या."

परतताना भारत म्हणाला, "मोडली सोयरीक."

"मोडू दे. फसवून आनली तं पोरगी जलमभर शिव्या देईन. मी तुह्या आजीले देते तशा."

दुपारी मोटर विहिरीत सोडली. धार बारीक, पण आली. दोन ड्रम भरले तशी तानाबाईनं बटण बंद केलं. तेवढ्यात भारतचा फोन वाजला. तो कोपऱ्यात जाऊन हो-हो करत राहिला, मग गोठ्याच्या दारात आला.

"आई, मामा म्हनते, पोरगी सोताच उद्या हीर पाहाले येते."

"येऊ दे. सकायी रोजच्यासारखी मोटर लाव, जशी हाये तशी पाहू दे तिले. आता सरक तिथून, मले धार काढाची हाये."

तिनं म्हशीपुढं पाण्याची बादली सरकवली आणि कासेखाली बसली.