जिवंत जनावरांसाठी अर्ज

बाई ऑफिसात शिरण्याआधी फाटकाजवळच्या नळावर पाय धुवायच्या. टाचा दगडावर घासायच्या, चपला उलट्या करून झटकायच्या, हात पदराला पुसायच्या आणि मग पायऱ्या चढायच्या. आमचं पशुसंवर्धनाचं ऑफिस ठाण्याला, खोपटच्या एस.टी. डेपोपासून चालत दहा मिनिटांवर. मी तिथे नुकताच कारकून म्हणून लागलेलो. गाई-म्हशींवाले, कोंबड्यांवाले रोज यायचे, पण पाय धुऊन येणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

तरी आमचे हेडक्लार्क त्या दिसल्या की रुमाल नाकाला लावायचे. बाईंच्या ते लक्षात यायचं. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, वास कामाचा आहे. तुमच्या शाईलापण येतो की." हेडक्लार्कनी रुमाल खाली घेतला, थोड्या वेळाने पुन्हा वर नेला.

त्यांचं नाव अर्जांवर मी अनेकदा लिहिलं असेल, पण ऑफिसात त्या 'आंबिवलीच्या बाई' म्हणूनच ओळखल्या जात. नवरा तिकडच्या एका कारखान्यात होता. तो गेल्यावर दीर म्हणाला, गावी चला. बाई गेल्या नाहीत. मुलगी शाळेत होती. सरकारी योजनेतून त्यांनी तीन पांढऱ्या माद्या आणि एक नर घेतला, घरामागे नदीच्या अंगाला पत्र्याची शेड घातली आणि डुकरं पाळायला लागल्या. दिराने त्यांच्या घरचं पाणी पिणं सोडलं. "बरं झालं," बाई म्हणायच्या, "पाणी लांबून आणावं लागतं."

योजनेच्या फॉर्मात प्रत्येक जनावराच्या ओळखीची खूण लिहायची असे. बाई सांगायच्या, मी लिहायचो. सगळ्यात थोरल्या मादीला त्या 'मोठी' म्हणत. तिच्यापुढे मी लिहिलं होतं : 'डावा कान फाटका, स्वभाव हट्टी, अंगावर पाणी घेतलेले आवडते.' डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे आमच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी, न वाचता सही केली. तो कागद वरच्या कचेरीत जाऊन मंजूर होऊन परत आला.

तुम्हीही सरकारी ऑफिसात बाकावर बसलेली माणसं पाहिली असतील. काही जण कंटाळून झोपतात, काही चिडतात. बाई बसल्या बसल्या भिंतीवरचे तक्ते वाचायच्या. जनावरांचे रोग, लसींची वेळापत्रकं, सगळं त्यांना पाठ झालेलं. नवीन शिपायाला त्याच सांगायच्या, कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो.

ऐंशीचं दशक संपत आलेलं तेव्हाची गोष्ट. कल्याणच्या बाजूला एका वस्तीत डुकरांना ताप आला आणि आठवड्यात बरीच जनावरं मेली. हा ताप माणसाला लागत नाही, पण डुकरांत वणव्यासारखा पसरतो. लगेच बंदीचा हुकूम निघाला. त्या भागातली, म्हणजे आंबिवलीचीही, डुकरं विकायची नाहीत, कापायची नाहीत, हलवायची नाहीत. हॉटेलांतलं खरकटंही डुकरांना घालायचं नाही, कारण त्यातूनही रोग जातो. बाईंचा सगळा धंदा कल्याण-डोंबिवलीच्या खानावळींतल्या खरकट्यावर चाललेला. हुकूम मीच टाईप केला होता. टाईप करताना मला काही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात बाई आल्या.

"भाऊसाहेब, मदतीचा फॉर्म द्या."

"किती मेली?" मी विचारलं.

"एकपण नाही. सगळी धडधाकट आहेत."

"मग फॉर्म कसला? भरपाई मेलेल्या नाहीतर सरकारने मारलेल्या जनावराला मिळते."

"आणि जिवंताला?"

"जिवंताला तरतूद नाही."

 "म्हणजे विकायचं नाही, खायला घालायचं नाही. मग मी घरी जाऊन त्यांना काय सांगू? मरा, म्हणजे फॉर्म मिळेल?"

हेडक्लार्क हसले. मलाही हसू येत होतं, पण बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कोरा कागद तर आहे ना? तुम्ही लिहा, मी सांगते." मी लिहिलं. विषय : 'जिवंत जनावरांसाठी खाद्य मिळणेबाबत'. असा विषय आमच्या ऑफिसात कधी आला नव्हता. कुठल्या फाईलला लावायचा यावर दोन दिवस गेले. बाई दोन्ही दिवस बाकावर होत्या.

त्याच सुमारास त्यांच्याकडे एक व्यापारी आला होता. पहाटे टेम्पो आणतो, घोडबंदरमार्गे माल वसईला काढतो, कुणाला कळणार नाही, असं म्हणाला. हे त्यांनीच मला सांगितलं. व्यापाऱ्याचं नाव मात्र सांगितलं नाही.

"मग दिली का नाहीत?" मी विचारलं.

"तिकडेपण कोणीतरी बाई असेल ना माझ्यासारखी. माझ्या जनावराच्या अंगात काय आहे, मला तरी कुठे दिसतंय?"

शेवटी डॉक्टरसाहेबांनी मार्ग काढला. सरकारी कुक्कुटपालन केंद्रात भिजून कोंबड्यांच्या कामातून गेलेला मका आणि कोंडा पडून होता. त्यांनी तो तपासला, वाळवून घेतला आणि 'बंदी क्षेत्रातील जनावरांसाठी' असा शेरा मारून स्वतःच्या जबाबदारीवर सोडला. ऑफिसच्या जीपमधून पोती आंबिवलीला गेली. बाईंनी ती एकटीने ठेवली नाहीत. आजूबाजूच्या चार डुकरंवाल्यांना बोलावून वाटली. "अर्जात जनावरं लिहिलंय," त्या म्हणाल्या, "माझी जनावरं असं कुठे लिहिलंय?"

बंदी उठायला थोडेच दिवस राहिलेले. एका सकाळी मी ऑफिसला पोचलो तर बाई फाटकाबाहेर उभ्या. आत आल्या नाहीत, नळाकडेही गेल्या नाहीत. पायांत चपला नव्हत्या.

"भाऊसाहेब, जवळ येऊ नका. शेडमधल्या चपला घरीच ठेवल्यात, साडीपण बदललीय. तरी मी आत येत नाही. डॉक्टरसाहेबांना सांगा, दोघी जणी कालपासून खात नाहीत. कानामागे लाल झालंय."

आंबिवलीहून त्या अनवाणी आल्या होत्या. गप्प बसल्या असत्या तर तो व्यापारी दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आला असता. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. पुढे काय होणार तेही त्यांना ठाऊक होतं, कारण तो तक्ता बाकाच्या बरोबर समोर होता. रोगी जनावराबरोबर शेडमधली सगळीच मारावी लागतात.

मी पंचनामा लिहायला पथकाबरोबर गेलो. खड्डा खणून झाला, चुन्याची पोती उतरली. आमची माणसं डुकरं धरायला गेली, तर ती किंचाळत सैरावैरा धावू लागली. एकही हाताला लागेना. तेव्हा बाई पुढे झाल्या.

"तुम्ही सगळे मागे व्हा. मी बोलावते."

त्यांनी तोंडाने हलका आवाज केला आणि एकेक जनावर त्यांच्या पायाशी येऊन उभं राहिलं. बाई डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या, "मोठीला पहिलं घ्या. बाकीच्यांचं तिला बघायला लावू नका."

डॉक्टरसाहेबांनी सुई दिली तेव्हा बाईंचा हात मोठीच्या कपाळावर होता. नंतर प्रत्येक जनावराच्या वेळी तो तसाच होता. बारकी पिल्लंसुद्धा त्यांनीच आणून दिली. मी खाली मान घालून लिहीत राहिलो. ओळखीची खूण हा रकाना पंचनाम्यातही होता. डावा कान फाटका एवढं लिहिलं आणि पुढचं लिहवेना.

परतताना जीपने कल्याणचा पूल ओलांडल्यावर डॉक्टरसाहेब एवढंच म्हणाले, "भरपाईचा कागद उद्याच्या उद्या पाठवा." मी पाठवला. तो वर अडकला, मी पाठपुरावा केला, पुन्हा अडकला. नोकरीत एखाद्या कागदाच्या मागे मी स्वतः मंत्रालयापर्यंत गेलेलो ते तेवढं एकदाच. भरपाई उशिरा आली, पण पुरी आली. मधल्या काळात बाई डोंबिवलीच्या एका खानावळीत भांडी घासत होत्या. शेड नियमाप्रमाणे रिकामी होती आणि दर रविवारी त्या तिच्या भिंतींना चुना फासत होत्या.

नवीन पिल्लं मिळाली, पण मला सांगायचंय ते त्यापुढचं. लसीकरणाचं पथक आलं की लोक डुकरं लपवायचे. सरकार आलं म्हणजे मारायलाच आलं, अशी भीती बसलेली. बाई स्वतः पथकाबरोबर निघाल्या. बर्फात ठेवलेल्या लसीचा थर्मास खांद्याला लावून त्या टिटवाळ्यापर्यंत वस्त्या फिरल्या. "माझी सगळी गेलेली," त्या दारात उभ्या राहून सांगायच्या, "मी लपवलं नाही. भरपाई मिळाली, पिल्लं मिळाली. लस घ्या, म्हणजे तीपण वेळ येणार नाही." काही लोक ऐकायचे, काही शिव्या द्यायचे. एकाने तर त्यांना 'सरकारची चमची' म्हणून हाकललं. पुढच्या आठवड्यात बाई त्याच्याच दारात पुन्हा हजर.

"आज परत आलात?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडे नाही आले," बाई म्हणाल्या, "तुमच्या डुकरांकडे आले."

त्याने डुकरांना लस टोचून घेतली. या कामाचा त्यांना सरकारकडून काही मोबदला नव्हता. डॉक्टरसाहेबांनी तसं पत्र वर पाठवून पाहिलं, पण तरतूद नव्हती.

नव्वदीच्या मध्यावर माझी बदली पालघरकडे झाली. तिकडे असताना कळलं, आंबिवलीत वस्ती वाढली आणि बाईंनी डुकरं काढून टाकली. मग एकदा कल्याणला कामासाठी आलो असताना डॉक्टरसाहेब भेटले. ते आता निवृत्त झालेले. म्हणाले, "आपल्या बाई गेल्या. कावीळ झालेली." मी तसाच आंबिवलीला गेलो.

मुलीने ओळखलं नाही. ऑफिसचं नाव सांगितल्यावर ओळखलं. चहा केला. आईने शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही, म्हणाली, पण औषध कुठलं आणि का, हे डॉक्टरला रोज विचारायची. घरामागून लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. मी विचारलं तर ती म्हणाली, "माझी बालवाडी. या ना, बघा."

शेड तीच होती. पत्रे बदललेले, भिंतींना पांढरा चुना. आजूबाजूच्या चाळींतली वीसेक पोरं जमिनीवर बसून मोठमोठ्याने अंक म्हणत होती. कडेला, जिथे डुकरांना खायला घालत, ती सिमेंटची लांब गव्हाण तशीच होती आणि मुलांनी तिच्यात आपापली दप्तरं ओळीने लावून ठेवली होती.