सातव्या हाताची जागा

देवावर रुसून देवाला निघालेल्या माणसाची गाडी नीट पोहोचावी तरी कशी, असं आता हसत म्हणता येतं. त्या चंपाषष्ठीला मात्र हसू फार लांब होतं. हिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मूलबाळ नाही, भाऊबंद सगळे दूर मराठवाड्यात, आणि आकुर्डीला कंपनीच्या कॉलनीत मी एकटा. आमचं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्षात सहा दिवसांचं नवरात्र बसतं आणि चंपाषष्ठीला तळी उचलून ते उठतं. ताम्हणात पानसुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवायची. पाच किंवा सात पुरुषांनी ताम्हणाच्या काठाला हात लावायचा आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ते वर उचलायचं. हात विषमच हवेत. एकट्याला तर तळी उचलताच येत नाही. दरवर्षी ही कॉलनीत हिंडून चार माणसं गोळा करून आणायची, मी आयता टोपी घालून पाचवा उभा राहायचो. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं दुसरं काहीच मागितलं नाही. ‘‘तळी चुकवू नका,’’ एवढंच म्हणाली.

आता चार माणसं आणायची कुठून? शेजारी वाईट नव्हते. पण हिचे दिवस झाल्यापासून मीच दार लावून बसलो होतो. कंपनीतून यायचं, भात टाकायचा, रेडिओ लावायचा आणि न ऐकता बंद करायचा. कोणी विचारपूस करायला आलं की मला चीड यायची आणि कोणी आलं नाही की जास्तच यायची. अशा माणसानं कुठल्या तोंडानं लोकांना तळीला बोलवावं? एकट्या माणसाची पूजा ज्याला चालत नाही तो देव तरी कसला, असं मी नवरात्राचे सगळे दिवस देव्हाऱ्यासमोर बसून त्याला विचारत होतो. शेवटी ठरवलं, निमगावला खंडोबाच्या यात्रेत जायचं. तिथल्या गर्दीत कोणीही ओळख न विचारता हात लावील.

पहाटे उठून वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा केला, नैवेद्याचा डबा भरला, ताम्हण फडक्यात बांधलं आणि माझी जुनी मोटार काढली. सरळ हमरस्त्यानं गेलो असतो तर काही झालं नसतं. पण एस.टी.च्या थांब्यावर यात्रेला निघालेली कॉलनीतली मंडळी भेटतील, गाडीत बसतील, हिच्याबद्दल बोलतील, या धास्तीनं मी तळवड्यावरून निघोज्याची आतली वाट धरली. तेव्हा निघोज्याला कारखाने नव्हते. कांद्याची वाफे-वाफे केलेली रानं आणि मधून बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेला कच्चा रस्ता. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा माझ्या लक्षात आला, त्यातला दगड नाही आला. खालून धाडकन आवाज झाला. थोडं पुढे जातो तोच तेलाचा लाल दिवा लागला आणि मी इंजिन बंद केलं.

वाकून पाहिलं तर चेंबर फुटला होता. इंजिनाच्या तळाला तेल साठवणारा जो पत्र्याचा डबा असतो त्याला आमच्याकडे चेंबर म्हणतात. त्यातून काळं तेल धुळीत गळत होतं. मी इंजिन जोडणीच्या खात्यातला फोरमन, काय करायचं ते मला ठाऊक होतं. पण करायला गाडीखाली शिरायला हवं, आणि जॅक लावला तर तो त्या मऊ मातीत रुतून बसला. आसपास चिटपाखरू नाही. पोटात सकाळपासून काही नाही. मी बांधावर बसलो आणि, खरं सांगतो, रडलो. हिच्या दहाव्यालाही मी असा रडलो नव्हतो.

‘‘काय झालं वो पाव्हनं?’’

मागे एक म्हातारे शेतकरी उभे होते. जवळच त्यांची वस्ती होती. मी डोळे पुसून चेंबरचं सांगितलं. त्यांनी तिथूनच हाळी दिली. त्यांचे दोन मुलगे आणि एक गडी वासा आणि घमेलं घेऊन आले. गळतं तेल आधी घमेल्यात धरलं. मग वासा खाली घालून चौघांनी गाडी उचलायला जोर लावला. ती इंचभर हलली आणि पुन्हा बसली. गाव सगळं यात्रेला गेलेलं. म्हातारबाबा बांधापलीकडच्या दुसऱ्या घराकडे पाहत उभे राहिले. ते घर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं, हे मला नंतर कळलं. बांधाच्या भांडणावरून दोघांची बोलचाल बंद होती. पण तो भाऊ बाह्या सरसावत आपणहून येतच होता. आमच्याजवळ आला, थोरल्याकडे पाहिलं नाही, मलाच म्हणाला, ‘‘कुटं धरू?’’

पाच जणांनी गाडी उचलली, मी चाकांखाली दगड सरकवले आणि आत शिरलो. म्हातारबाबांच्या म्हातारीनं घरातून धुण्याच्या साबणाची वडी आणून दिली. साबण मळून मऊ केला, त्यात कापडाच्या चिंध्या कालवल्या, भेगेत ठासून भरल्या आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. तेल धोतराच्या फडक्यातून गाळून परत ओतलं. घरापर्यंत हळूहळू जाता येईल एवढं काम झालं. पण निमगाव गाठणं आता शक्य नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं.

हात धुताना म्हातारबाबांना सीटवरचा भंडारा दिसला. ‘‘तळी ऱ्हायली का तुमची?’’

मी सगळं सांगून टाकलं. हिचं जाणं, तिचं शेवटचं मागणं, सगळं. इतक्या महिन्यांत एवढं मी कुणाशी बोललो नव्हतो.

‘‘आमची बी खोळंबलीया,’’ ते म्हणाले. ‘‘चौघंच हाव घरात. पाचवा न्हाई मिळाला.’’ बोलताना त्यांची नजर खाली होती.

अंगणात घोंगडी अंथरली. त्यांची आणि माझी मिळून एकच तळी भरली, ताम्हण हिचं आणि पानं त्यांच्या मळ्यातली. सगळे टोप्या घालून बसले तेव्हा कळलं की आम्ही सहा झालोय. धाकटा भाऊ लगेच उठला. ‘‘मी सरतो. पाचच ऱ्हाऊ द्या.’’ मी म्हणालो, मी परका, मीच सरतो.

म्हातारबाबांनी भावाचा हात धरला. किती दिवसांनी धरला असेल कोण जाणे. ‘‘बस खाली,’’ म्हणाले. मग मला म्हणाले, ‘‘आनि तुमी सरल्यावर तळी कुनाची? सात हाईत की आपुन. तुमच्या मंडळी न्हाईत का? त्यांनीच तर धाडलं तुमाला. त्यांच्या हाताला जागा सोडा.’’

सगळ्यांनी आपापले हात थोडे सरकवले आणि माझ्या डावीकडे ताम्हणाचा काठ एका हातापुरता मोकळा ठेवला. येळकोट म्हणत आम्ही तळी तीन वेळा उचलली. ती बाजू मोकळी असल्यानं ताम्हण तिकडे कलायला हवं, असं माझ्या फोरमनच्या डोक्याला वाटत होतं. तिन्ही वेळा ते सरळ वर गेलं. याचा अर्थ लावायच्या भानगडीत मी तेव्हा पडलो नाही आणि आजही पडत नाही.

मग नैवेद्य वाटला. माझा रोडगा मोडता मोडेना तेव्हा म्हातारी म्हणाली, ‘‘चेंबर दगडानं न्हाई फुटला बाबा, ह्या रोडग्यानंच फुटला आसंल!’’ आणि दोन्ही घरची माणसं हसली. मीही हसलो. हिच्या मागे पहिल्यांदाच.

संध्याकाळच्या आत, जपून गाडी चालवत घरी आलो. पुढे काळेवाडीच्या गॅरेजमध्ये नवा चेंबर बसवून घेतला. घरातलं एकटेपण काही गेलं नाही. ते जात नसतं. रात्री जेवताना समोरचा पाट रिकामाच असतो. पण देवाशी माझं जे भांडण होतं ते मिटलं. एकट्याची तळी न चालणं हा त्याचा हट्ट वाटायचा, आता ती त्याची माया वाटते. दुःखात माणूस दार लावून बसणार हे त्याला ठाऊक असणार, म्हणून त्यानं एक तरी पूजा अशी ठेवली की जिच्यासाठी कुणाला तरी हाक मारावीच लागते. मल्हारी मार्तंडा, माझ्याच्यानं ती हाक निघत नव्हती. तू गाडी अडवलीस, मला बांधावर बसवून रडवलंस, तेव्हा कुठे निघाली.

पुढच्या चंपाषष्ठीला सकाळीच मी शेजारची कडी वाजवली. ‘‘तळीला येता का?’’ एवढंच विचारायचं होतं. पण त्यांनी दार उघडलं आणि मी म्हणालो, ‘‘हिच्या तळीला येता का?’’ ते आत टोपी आणायला गेले.