जॅकवेलचा जळालेला नकाशा

सत्तरच्या दशकात मी सांगलीत एका इंजिनियरच्या ऑफिसात ट्रेसर होते. पेन्सिलीच्या नकाशावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि रेघ न् रेघ शाईनं उतरवायची, हे माझं काम. शेजारच्या टेबलावर आमचे ड्राफ्ट्समन बसत. मूळचे साताऱ्याचे, वयानं माझ्या वडिलांएवढे, मोजकं बोलणारे. साहेब बहुतेक वेळ साइटवरच असायचे.

त्या उन्हाळ्यात आष्ट्याच्या बाजूला, कृष्णेकाठच्या एका गावासाठी जॅकवेल बांधायची होती. नदीचं पाणी पाइपातून या विहिरीत घ्यायचं आणि पंपानं वरच्या उसाला चढवायचं. पुराआधी बांधकाम पाण्याच्या वर निघालं नाही, तर सगळं वर्ष वाया जाणार होतं. साहेब वरचेवर बदल सांगायचे. घाईपोटी ते आम्ही पेन्सिलीच्या नकाशावर न घेता सरळ ट्रेसिंगवरच करत होतो, जुनी रेघ ब्लेडनं खरवडून. म्हणजे खरा नकाशा तेवढा एकच उरला होता.

सकाळी साइटचा मुकादम प्रिंट न्यायला आला. मी ट्रेसिंग प्रिंट काढायच्या अमोनियाच्या मशीनमध्ये घातलं. ते अर्धं आत गेलं आणि वीज गेली. रोलर थांबले, पण आतल्या दिव्याची काच तापलेलीच होती. ड्राफ्ट्समननी रोलर हातानं फिरवून पाहिले, फिरेनात. झाकण उघडेस्तोवर करपल्याचा वास सुटला. कागद बाहेर आला तो तपकिरी, पापडासारखा. हात लागेल तिथं मोडत होता.

मुकादम दारातच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, सळया बांधून झाल्यात. आज नकाशा न्हाई आला तर गडी दुसऱ्या कामावर जातील. मग कवा गावायचे?"

ड्राफ्ट्समन रागावले नाहीत. त्यांनी खिडकीपाशी दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवली आणि खाली आरसा तिरका लावून उन्हाचा उजेड वर घेतला. चिमट्यानं एकेक तुकडा काचेवर मांडला. श्वास जोरात सुटला तरी तुकडे हलायचे. सगळे जुळल्यावर त्यांनी वरून दुसरी काच दाबली आणि मला नवा कागद अंथरायला सांगितलं. करपलेल्या कागदातही शाईच्या रेघा काळ्याभोर दिसत होत्या. मी त्या गिरवत सुटले. घाम कागदावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला होता.

दुपारपर्यंत भिंती आल्या, सळया आल्या. पण मधला एक तुकडा पार राख झाला होता. नदीतून येणारा पाइप किती खोल बसवायचा, तो आकडा नेमका तिथंच होता. मला एक आठवत होता, त्यांना दुसरा. फरक हातभराचा. पाइप वर बसला तर उन्हाळ्यात कोरडा पडणार, खाली बसला तर गाळानं भरणार.

मी म्हणाले, "माझ्या हातानं लिहिलाय मी."

"आणि मी तपासलाय," ते म्हणाले. मग राखेच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "तिथं कोरं सोड. आठवणीवर पाइप बसवायचा नाही."

वीज आलीच नव्हती. नवं ट्रेसिंगच गुंडाळून आम्ही मुकादमाबरोबर जीपनं साइटवर गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते एवढंच म्हणाले की आकडा मलाही पाठ नाही, लेव्हलची दुर्बीण लावा.

आदल्या उन्हाळ्यात त्यांनी नदीच्या सर्वांत खालच्या पाण्याची खूण एका खडकावर लाल रंगानं केली होती; पाइपाची खोली तिच्यावरूनच ठरली होती. आता तिच्यावर शेवाळ चढलं होतं. मुकादमानं ते विळ्यानं खरवडलं. ड्राफ्ट्समन धोतर खोचून गुडघाभर पाण्यात खुणेवर मोजपट्टी धरून उभे राहिले, साहेब दुर्बिणीतून आकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. साहेबांनी हिशेब केला, तोच पुन्हा केला. तोवर बांधलेल्या सळयांपाशी बसलेले गडी आमच्याकडंच बघत होते.

आकडा ड्राफ्ट्समनचा निघाला. माझा बदलाच्या आधीचा होता. हरल्याचं काही वाटलं नाही. मी तिथंच वाळूत बसले. साहेबांनी कोऱ्या जागी आकडा घातला, खाली सही केली आणि मुकादमाला काम सुरू करायला सांगितलं.

पुरात विहीर पाण्याच्या वर उभी राहिली. पुढच्या वैशाखात नदी पार आटली, तेव्हा गावातले एक वयस्क शेतकरी ऑफिसात आले. पंप चालू आहे आणि पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचतंय, असं सांगून त्यांनी गुळाची ढेप टेबलावर ठेवली. ड्राफ्ट्समननी ती कागदावर फोडली आणि पहिला खडा माझ्या हातावर ठेवला.