लोणारच्या बाईला दिलेल्या सात्या

लिहायला आठ दिवस लागले, माफ करा. एका बोटानं टाइप करतो हे एक कारण. दुसरं म्हणजे लाज वाटत होती.

आमच्या देऊळघाटच्या शेतात उकिरड्याशेजारी सात्या उगवल्या, म्हणजे जंगली अळंबी. सात्या वारुळावर येतात, या गवतात आल्या, म्हणून मन खात होतं. नात म्हणाली, बुलढाण्याला आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना दाखवा. छत्र्यांखाली हिरवट भुकटी होती. मळकी वस्तू कशी न्यायची, म्हणून दस्तीनं, म्हणजे हातरुमालानं, एकेक पुसून टोपलीत ठेवली.

बुलढाणा स्टँडवर लोणारच्या गाडीची वाट पाहणारी एक बाई टोपलीत डोकावली. "सात्या हायेत का बाबा? माह्या लेकीले लय आवडतात."

सात्या मागणाऱ्याला नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी उगवत नाहीत, असं आमच्या घरी मानतात. खात्री नाही, हे सांगायला जीभ रेटली नाही. अर्ध्या दिल्या. गाडी लागली, ती चढून गेली.

मॅडमनी एक छत्री उलटी करून पाहिली. पुसली का, विचारलं. मी दस्ती पुढं केली. तिच्यावरची भुकटी काचेवर झटकून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघितली, मलाही दाखवली. जाड सालीचे बारीक दाणे. त्यांना बीजाणू म्हणतात. खायच्या सात्यांचे फिकट गुलाबी असतात.

"हे हिरवे आहेत, काका. ही जात इथं मी पहिल्यांदाच बघतेय. विषारी आहे. कोणी खाल्ली नाही ना?"

मी तसाच स्टँडवर आलो. चिखली, मेहकर करत लोणारला तीन तासांच्या वर लागतात. पंच्याहत्तरी उलटल्यानं तिकीट नाही. मेहकरला गाडी थांबते, भजी ताजी मिळतात म्हणे. मी उतरलो नाही. सरोवर पाहायचं असेल तर सकाळची गाडी धरा. मी पाहिलं नाही.

लोणार स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं. तो हसला. "नाव नाही, पत्ता नाही, अन् बाई शोधून राह्यले चाचा? घरी काकूले मालूम हाय का?"

कारण सांगितल्यावर त्यानं गाळा पोराच्या भरवशावर सोडला. भाजीवाल्या, रिक्षावाले, दवाखाना, अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं विचारत फिरलो. कोणी आजारी आल्याचं दवाखान्यात माहीत नव्हतं.

घरी आलो. उरलेल्या छत्र्या मॅडमकडं आहेत. दस्ती बायकोला धुऊ दिली नाही.

बाई, तुम्ही हिरव्या लुगड्यात होता, हातात वायरची पिशवी होती. हे वाचणारं कोणी तुम्हाला ओळखत असेल, तर लवकर कळवा. भाजी केली नसेल तरी कळवा. केली असेल तरी कळवा.