कांद्याच्या यार्डातली ग्लोमिंग

शब्द बरोबर होता, हे आधी सांगून ठेवतो. चहा घ्या, पुढचं ऐका, हसायचं तेवढं हसा. पण शब्द बरोबर होता.

सत्तर-ऐंशीच्या मधली गोष्ट. नाशकात द्वारकेजवळ एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मी टायपिस्ट होतो. आमचे वडील, आबा, तिथेच हमाल. मी मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो, आणि आबांनी शेठकडे रदबदली करून मला पंख्याखाली बसवलं. ते बाहेर यार्डात विंचूरहून आलेल्या कांद्याच्या गोण्या उतरवायचे.

आता पंख्याखाली बसलेल्या माणसाला इंग्रजीची खुमखुमी येणार नाही तर काय? मेनरोडच्या फुटपाथवरून मी एक जाडजूड डिक्शनरी आणली होती. रोज एक शब्द पाठ. एके दिवशी सापडला 'ग्लोमिंग'. सूर्य बुडाल्यावर, अंधार पडायच्या आधी जो उजेड रेंगाळतो, तो. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काव्यात वापरतात'. मी म्हटलं, कांद्यानं काय पाप केलंय?

यार्डात दिवे नव्हते. एरवी काम सहाच्या सुमारास आटपायचं; एकदा उशिरा आलेला ट्रक उतरवताना एक हमाल अंधारात घसरून पडला, तेव्हा शेठ म्हणाले, "नोटीस टाइप कर. यार्डातलं काम सहाला बंद."

सहाला बंद! ही काय भाषा झाली? मी झकास इंग्रजीत टाइप केलं, 'यार्डातलं काम ग्लोमिंगबरोबर थांबेल.' शेठनी न वाचता सही ठोकली. आणि हो, महिना मे होता.

मुकादम नोटीस घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "भाऊसाहेब, ह्ये काय हाय?"

मी अर्थ सांगितला, अगदी रेंगाळणाऱ्या उजेडासकट.

"म्हंजी दिवस बुडाल्यावर?"

"बुडाल्यावरच."

"लय भारी शब्द हाय," तो म्हणाला आणि खुशीत निघून गेला. मीही खूश. मे महिन्यात नाशकात सूर्य सातनंतर बुडतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? माझं ऑफिस पाचला सुटायचं.

तीन दिवस आबा उशिरा घरी येत होते. मला वाटलं, ट्रक जास्त आले असतील. तिसऱ्या रात्री जेवताना ते खांदा चोळत आईला म्हणाले, "शेठनं कुठलासा विंग्रजी शब्द काढलाय. सहाचं काम पार साडेसातवर नेलं बघ. डोकं हाय बाबा त्या माणसाला."

इथे गप्प बसायला हवं होतं. तुम्ही बसला असता. पण शेठचं डोकं? ज्या माणसानं जन्मात डिक्शनरी उघडली नाही, त्याच्या नावावर माझा शब्द? 

"शब्द शेठचा नाही, आबा. माझा आहे."

भाकरी वाढणारा आईचा हात थांबला.

"तुझा?" आबांनी विचारलं.

"माझा. आणि बरोबर आहे. डिक्शनरी दाखवू?"

आबांनी सावकाश जेवण संपवलं, हात धुतले. "उद्या दाखव," म्हणाले. "यार्डात."

तीन दिवस माझ्यामुळे त्यांच्या खांद्यावर जास्तीचं ओझं पडलं होतं, याचं वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. सकाळी जाऊन मी नवी नोटीस टाइप केली, सहाला बंद. शेठनी तीही न वाचता सही केली. पण याला मी माघार म्हणत नाही. नोटीस बदलली, शब्द नाही.

पाच वाजता आबा ऑफिसच्या दारात हजर. मी डिक्शनरी उचलली.

"ती राहू दे," म्हणाले, आणि यार्डात नेऊन पहिली गोणी माझ्या पाठीवर ठेवली.

सहा वाजले. सगळे हमाल हात झटकून उठले. मीही कंबर धरून निघालो.

"तू कुठं निघाला?" आबांनी अडवलं. "सहा आमच्यासाठी. तुझी ग्लोमिंग व्हायचीय अजून."

घरी जायला निघालेले हमाल पुन्हा खाली बसले. बिड्या पेटल्या. माझ्या पाठीवर गोणी चढली.

थोड्या वेळानं आबांनी विचारलं, "झाली का रं?"

मान वर होत नव्हती. डोळे तिरके करून पश्चिमेकडे पाहिलं, तर ऊन अजून लख्ख. 'झाली' म्हटलं असतं तर सुटलो असतो. त्यांना कुठे कळणार होतं? पण अर्थ म्हणजे अर्थ.

"नाही, आबा."

"मग उचल."