काम सोडून धाव

मोहने गावच्या ज्या कारखान्यात आबांचा जन्म गेला, तिथे यंत्रांच्या आवाजात माणसाचा शब्द माणसाला पोचत नसे. म्हणून तिथले कामगार हातांनी बोलत. पाणी हवं, साहेब आला, सगळ्याला खुणा होत्या. कारखाना थांबला, पण खुणा आबांच्या हातात राहिल्या. नात संचिता त्या खुणा अक्षरांच्याही आधी शिकली.

साथीच्या दुसऱ्या वर्षी तिची पदवीची शेवटची परीक्षा मोबाईलवर आली. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसायचं नाही आणि जागा सोडायची नाही. सोडली की पेपर बंद. घर एका खोलीचं. आबा नुकते तापातून उठलेले, बोलतानाही धाप लागे. संचिताच्या आईने, मालनने, दोरीवर साडी टाकून त्यांची खाट आड केली.

"आबा, पेपर होईस्तोवर खोकू नका हां."

"खोकला काय माझा नोकर आहे सूनबाई, हुकूम ऐकायला?" आबा म्हणाले. "तू लिही गं पोरी. मी मेल्यासारखा पडतो."

"आबा, असलं नका ना बोलू. आधीच टेन्शन आलंय."

मालन हंडा घेऊन टँकरच्या रांगेला गेली. पेपर सुरू झाला. साडीमागे आबा टॉवेलात तोंड दाबून खोकत राहिले. मग तोही आवाज थांबला.

संचिता लिहीत होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा चेहरा होता, आणि त्याच्या मागे साडीच्या काठावरून एक हात वर आला. उघडा पंजा, दोनदा मिटलेला. कारखान्यात याचा अर्थ एकच होता: काम सोडून धाव.

ती उठली. आबांचे ओठ काळे पडले होते. तिने त्यांना आपल्या अंगावर टेकवून बसवलं, औषधाचा पंप तोंडाला लावला. हळूहळू श्वास सापडला. पेपर तोवर बंद झाला होता.

"झाला पेपर?" आबांनी विचारलं.

"झाला, आबा."

मालन हंडा घेऊन आली तेव्हा आबा उशीला टेकून तिची वाटच बघत होते.

"सगळ्यांच्या आधी संपवला पोरीने," ते म्हणाले. "मी आवाजसुद्धा केला नाही."

मालनने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. संचिताने हंडा तिच्या हातातून घेतला आणि पाणी गाळायला बसली. आबा खाटेवरूनच, धाप लागत असतानाही, दारातल्या शेजाऱ्यांना तेच पुन्हा सांगत होते.